पेंगलाय ते अलंकापुरी

पेंगलाय हे चीनमध्ये एकाच वेळी दोन जागांचे नाव आहे. पहिली जागा नकाशावर सापडते. शानतुंग प्रांताच्या उत्तर किनाऱ्यावर, बोहाय आणि पीत समुद्र यांची हद्द जिथे मिळते, तिथले ते एक जुने बंदर. दुसरी जागा कोणत्याही नकाशावर नाही. ते त्याच समुद्रातले एक बेट. तिथे अमर लोक राहतात, पशुपक्षी पांढरेशुभ्र असतात, वाडे सोन्यारुप्याचे असतात आणि मरण टाळणारी वनस्पती उगवते. चिनी लिपीत दोन्ही नावे अक्षर न् अक्षर सारखी लिहितात. बंदराला नाव मिळाले ते बेटावरून, आणि बेट हाती लागले नाही म्हणून मिळाले.

बेटाची भरवशाची जुनी नोंद सिमा छियान या इतिहासकाराच्या ‘शिजी’ या ग्रंथात आहे. हा ग्रंथ इ. स. पू. पहिल्या शतकाच्या आरंभीचा. राजांच्या यज्ञविधींवरील प्रकरणात तो सांगतो, की किनाऱ्यावरच्या छी आणि यान या राज्यांचे राजे इ. स. पू. चौथ्या-तिसऱ्या शतकांपासूनच समुद्रात माणसे धाडत होते. शोध तीन बेटांचा होता: पेंगलाय, फांगचांग आणि यिंगचौ. ती दुरून ढगांसारखी दिसतात, जवळ जावे तर पाण्याखाली जातात, आणि गलबत आता टेकणार असे वाटते तोच वारा त्याला मागे लोटतो. खलाशांच्या तोंडची ही सबब असावी असे वाचताना वाटते. पण ती तशी पोकळ नाही, हे पुढे दिसेल.

‘लिएत्झू’ या ताओपंथी ग्रंथात मूळ बेटे पाच आहेत. ती तळाशी कुठेच रुतलेली नसल्यामुळे लाटांबरोबर वाहत असत. तेव्हा देवाने पंधरा प्रचंड कासवांना आळीपाळीने ती डोक्यावर तोलून धरायला लावले. पुढे एका राक्षसी देहाच्या माणसाने गळ टाकून त्यांतली सहा कासवे पकडून नेली. दोन बेटे निराधार झाली आणि उत्तरेकडे वाहत जाऊन बुडाली. उरली ती तीन. मंदार पर्वत पाठीवर घेणारा कूर्म ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला ही कासवे परकी वाटणार नाहीत, मात्र दोन कथांचे नाते जोडायला हे साम्य पुरेसे नाही.

शोधाला खरे सरकारी बळ दिले ते चीनचा पहिला सम्राट छिन शी ह्वांग याने. इ. स. पू. २१९ मध्ये शू फू नावाच्या मांत्रिकाने त्याला बेटांची माहिती देऊन हजारो कुमार-कुमारिका मागितल्या आणि तो समुद्रात गेला. बराच काळ लोटला, खर्च वाढला, हाती काही आले नाही. इ. स. पू. २१० मध्ये त्याने सम्राटाला सांगितले, की वाटेत मोठे मासे आडवे येतात, तिरंदाज पाहिजेत. सम्राट स्वतः धनुष्य घेऊन किनाऱ्याने फिरला आणि चीफू येथे त्याने एक मोठा मासा मारला. त्यानंतर थोड्याच दिवसांत तो स्वतः मेला. चीफू म्हणजे आजचे यानताय, म्हणजे पेंगलाय आज ज्या शहराच्या हद्दीत येते तेच. शू फू परतला नाही. तो जपानला पोहोचला असे जपानी परंपरा मानते आणि वाकायामा प्रांतातल्या शिंगू या गावात त्याच्या नावाचे उद्यानही आहे.

हान वंशाचा सम्राट वू याला हाच ध्यास होता. त्याच्या दरबारातल्या ली शाओजून या मांत्रिकाने पेंगलायच्या अमरांना आपण भेटलो असल्याचे सांगितले, आणि सम्राटाने पुन्हा माणसे समुद्रावर पाठवली. तो स्वतःही अनेकदा शानतुंगच्या किनाऱ्यावर गेला. आठव्या शतकातील विद्वान तू यौ याच्या कोशग्रंथात नावाचा उगम सापडतो: सम्राट वू याने इथे उभे राहून समुद्रातल्या पेंगलायकडे पाहिले, मग इथे तटबंदीचे गाव वसवले आणि त्याला तेच नाव दिले. नाव पडले ते बेट जिथून पाहिले त्या जागेला, हा या नोंदीतला महत्त्वाचा भाग. बेट मिळेना तेव्हा सम्राटाने आणखी एक तोड काढली. राजधानीतल्या नव्या राजवाड्यात तलाव खणून घेतला आणि त्यात पेंगलाय, फांगचांग, यिंगचौ या नावांच्या टेकड्या उभारल्या. पूर्व आशियातल्या बागांमध्ये तळ्यात बेटे ठेवण्याची जी रीत आहे, तिची ही आरंभीची पायरी.

पुढे ७०७ मध्ये पेंगलाय हा परगणा झाला आणि तंगचौ या प्रांतविभागाचे ठाणे तिथे आले. तोवर नाव राजकीय सोयीचेही झाले होते. थांग सम्राटाने ६६२ मध्ये राजधानी छांगआनमधल्या दामिंग राजवाड्याला काही काळ पेंगलाय राजवाडा हे नाव दिले.

या बंदरावरून बेटे दिसतात, ही गोष्ट खरी आहे. वसंताच्या अखेरीस आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला बोहायचे पाणी अजून गार असते आणि त्यावर उबदार हवेचा थर येतो. खाली गार, वर उबदार अशी उलटी उतरंड झाली, की क्षितिजाजवळून येणारे प्रकाशकिरण खाली वाकतात. मग क्षितिजापलीकडची किंवा क्षितिजालगतची वस्तू उचलली जाते, उभी ताणली जाते, कधी तिच्या डोक्यावर तिचीच उलटी प्रतिमा बसते. पेंगलायच्या उत्तरेला छांगशान बेटांची माळ आहे. तीच अशा वेळी मनोरे, पूल आणि तटबंद्या होऊन हवेत लटकते. जवळ जावे तर पाहणाऱ्याचा कोन बदलतो आणि सगळे नाहीसे होते. सिमा छियानने नोंदवलेले, जवळ जाताच पाण्याखाली जाणारे बेट ते हेच असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. चिनी लोक या दृश्याला समुद्रातला बाजार म्हणतात आणि जुनी समजूत अशी, की एक प्रचंड शिंपला समुद्राच्या तळाशी उच्छ्वास सोडतो, त्याचे हे वाडे होतात. अकराव्या शतकातला चौकस अधिकारी शन क्वो याने तंगचौच्या या देखाव्याची नोंद करताना शिंपल्याच्या उच्छ्वासाबद्दल शंका घेतली आहे.

मराठीत उन्हाळ्यातल्या डांबरी रस्त्यावर दिसणाऱ्या पाण्याला मृगजळ म्हणतात. पेंगलायचा देखावा त्याच्या उलट. मृगजळात खालची हवा तापलेली असते आणि प्रतिमा खाली दिसते, इथे खालची हवा गार असते आणि प्रतिमा वर चढते. यासाठी संस्कृतात वेगळा शब्द आहे: गंधर्वनगर. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त गंधर्वनगराच्या लक्षणांवर स्वतंत्र अध्यायच आहे. ते कोणत्या दिशेला, कोणत्या रंगाचे दिसले तर कोणावर संकट येईल, याचा हिशेब त्यात आहे. तत्त्वज्ञांनी तोच शब्द मिथ्या जगासाठी उचलला. ज्ञानेश्वरीच्या पंधराव्या अध्यायात संसारवृक्षाचे खोटेपण दाखवताना गंधर्वांच्या दुर्गाचा दृष्टांत येतो: जो मुळात नाही तो पाडण्याची खटपट कशाला, असा त्याचा रोख. चिनी सम्राटांनी ज्याच्यासाठी गलबते धाडली, त्याच्याकडे पाहण्याची ही दुसरी तऱ्हा. आणि हे सांगणाऱ्याची समाधी ज्या गावात आहे, त्या गावालाही एका कल्पित नगरीचे नाव चिकटलेले आहे.

त्याकडे वळण्यापूर्वी पेंगलायची उरलेली हकिकत थोडक्यात. १०६१ मध्ये समुद्रावरच्या कड्यावर पेंगलाय मंडप बांधला गेला. तो वेळोवेळी दुरुस्त होत आजही उभा आहे आणि गावाची ओळख त्याच्यावरच आहे. १०८५ मध्ये कवी सू शी तंगचौचा प्रमुख अधिकारी म्हणून आला आणि अवघ्या पाच दिवसांत त्याची बदली झाली. हंगाम थंडीचा, समुद्रातला बाजार दिसण्याचे दिवस केव्हाच सरलेले. त्याने समुद्रदेवाच्या मंदिरात प्रार्थना केली आणि दुसऱ्याच दिवशी तो दिसला, असे त्याने कवितेत सांगितले आहे. पाच दिवसांच्या नोकरीत एवढे पदरात पाडून घेणारा अधिकारी विरळा. कड्याच्या पायथ्याशी १३७६ मध्ये मिंग राजवटीने आरमारी तटबंदी उभारली. जपानी चाच्यांविरुद्ध लढलेला सेनापती छी जिग्वांग याच्या घराण्याकडे तंगचौची वंशपरंपरागत लष्करी चाकरी होती. १८५८ च्या तिएनत्सिन तहात परकी व्यापाराला खुल्या करायच्या बंदरांत तंगचौचे नाव घातले गेले, पण बंदर गाळाने उथळ झालेले असल्यामुळे व्यापार यानतायला गेला. १९९१ मध्ये पेंगलायला शहराचा दर्जा मिळाला. २०२० मध्ये तो काढून घेऊन शेजारच्या छांगशान बेटांसह त्याचा यानतायचा एक जिल्हा करण्यात आला. म्हणजे जे गाव बेटांकडे पाहत होते आणि जी बेटे पाहिली जात होती, ती आता कागदोपत्री एकच.

नाव मात्र किनाऱ्यावर थांबले नाही. जपानीत त्याचे होराय झाले. शुभकार्याच्या सजावटीत होराय पर्वत मांडला जातो, आणि आयची प्रांतात होरायजी नावाचा बौद्ध मठ आहे. व्हिएतनामीत ते बाँग लाय झाले. जपानी अमलाखालच्या तैवानमध्ये जपानी चवीच्या तांदळाची जात रुजवण्यात आली, तिला १९२६ मध्ये होराय तांदूळ असे नाव ठेवले गेले. अमरांच्या बेटाचे नाव शेवटी बाजारातल्या पोत्यावर आले. समुद्राच्या तळाशी तर त्याची आणखी वेगळी गत झाली. बोहायमधल्या एका तेलक्षेत्राचे नाव पेंगलाय १९-३ असे आहे आणि जून २०११ मध्ये तिथे मोठी तेलगळती झाली.

महाराष्ट्रात सुखलोकाची कल्पना सहसा बेटावर जात नाही. महाभारताच्या नारायणीय भागात क्षीरसागराच्या उत्तरेला श्वेतद्वीप आहे, तिथली माणसेही पेंगलायच्या पशुपक्ष्यांसारखी शुभ्र आहेत आणि नारद तिथे जाऊन आला आहे. पण या नावाचे गाव इकडे वसले नाही. इकडच्या गावांनी उचलली ती नगरांची नावे: इंद्राची अमरावती आणि कुबेराची अलका.

यांतल्या अलकेकडे नेणाऱ्या वाटेवर, पिंपरी-चिंचवडच्या उत्तर टोकाला, इंद्रायणीच्या दक्षिण काठावर तळवडे आहे. एकेकाळचे हवेली तालुक्यातले हे शेतीचे गाव १९९७ मध्ये महापालिकेत आले. आज तिथे औद्योगिक महामंडळाचे सॉफ्टवेअर पार्क, लहान कारखाने, गोदामे आणि दाट वसाहती आहेत, आणि नदीपलीकडे चाकण पट्ट्याची सुरुवात होते. गावातून जाणारा महत्त्वाचा रस्ता मात्र उद्योगांहून जुना आहे. तो देहू-आळंदी रस्ता. देहू सोडले की तळवडे, मग चिखली, मोशी, डुडुळगाव आणि आळंदी. या वाटेवरची नावे पाहिली की एक गंमत ध्यानात येते. तळवडे म्हटले की तळे आठवते आणि चिखली म्हटले की चिखल. पाणी आणि माती यांच्याशी जडलेली ही नावे महाराष्ट्रात ठिकठिकाणी सापडतात. तळवडे सावंतवाडी तालुक्यातही आहे. अशा साध्या नावांच्या ओळीला दोन्ही टोकांना मात्र पुराण लागते. पश्चिमेला तुकाराम जिथून वैकुंठाला गेले ते देहू, पूर्वेला अलंकापुरी म्हणवणारी आळंदी, आणि शेजारून वाहणाऱ्या नदीला इंद्राच्या राणीचे नाव.

अलका ही कुबेराची राजधानी, कैलासाच्या कुशीतली. तिचे सर्वांत प्रसिद्ध वर्णन कालिदासाच्या ‘मेघदूता’च्या उत्तरार्धात आहे. तिथे सगळे ऋतू एकाच वेळी फुलतात, यौवनाखेरीज दुसरे वय नसते. या काव्याचा आरंभ महाराष्ट्रातला आहे. शापित यक्ष ज्या रामगिरीवर राहतो ते नागपूरजवळचे रामटेक, हे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले आणि ते पुष्कळांना मान्य आहे. मेघाचा मार्ग विदिशा, उज्जयिनी, कुरुक्षेत्र, कनखल असा खऱ्याखुऱ्या गावांवरून जातो, आणि हिमालय चढता चढता वाचकाच्या नकळत कल्पित प्रदेशात शिरतो. वास्तव कुठे संपले हे कालिदास सांगत नाही. हिमालयातल्या लोकांनी ते आपल्यापुरते ठरवून टाकले आहे. बद्रीनाथच्या वर, अलकनंदेच्या उगमापाशी हिमनद्यांच्या मुखाजवळच्या भागाला अलकापुरी म्हणतात.

कुबेराच्या या नगरीचे एका बेटाशीही नाते आहे. वाल्मीकी रामायणाच्या उत्तरकांडाप्रमाणे सोन्याची लंका आधी कुबेराची होती. सावत्र भाऊ रावण तिच्यावर हक्क सांगू लागला, तेव्हा पित्याच्या सल्ल्याने कुबेराने बेट सोडले आणि तो कैलासावर गेला. अलका ही अशी सोडून दिलेल्या बेटाच्या बदल्यात मिळालेली नगरी. वारकरी वाङ्मयात आळंदीला अलकापुरी म्हणण्यापेक्षा अनुस्वार देऊन अलंकापुरी म्हणण्याकडे कल आहे. या अनुस्वाराचा खुलासा अलंकार, अलंकृत या शब्दांच्या ओढीने करता येतो. त्यात लंकेचाही ध्वनी ऐकू येतो, आणि कथेकडे पाहिले तर तो अस्थानी म्हणता येत नाही.

आळंदी हे नाव अलकेपासून आले का? क्षेत्रमाहात्म्याची परंपरा तसे सुचवते, पण भाषेचा आणि शिलालेख-ताम्रपटांचा पुरावा उलट दिशेने जातो. पुणे जिल्ह्यात आळंद्या दोन आहेत. इंद्रायणीकाठची ती देवाची आळंदी. पुण्याच्या आग्नेयेला, थेऊर-लोणी काळभोरच्या बाजूची ती चोराची आळंदी, म्हणजेच म्हातोबाची आळंदी. नाशिकजवळ गोदावरीला मिळणाऱ्या एका नदीचे नावही आळंदीच आहे आणि तिच्यावर याच नावाचे धरण आहे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या शके ६९० (इ. स. ७६८) मधील तळेगाव ताम्रपटात पुण्याच्या परिसरातल्या एका गावाचे दान नोंदले आहे. त्याच्या सीमा सांगताना ‘अलंदिय’ आणि ‘थिउर’ ही गावे येतात. थिउर म्हणजे थेऊर. ते शेजारी असल्यामुळे ही आळंदी चोराचीच मानणे सयुक्तिक ठरते. तरीही नावाच्या इतिहासासाठी ही नोंद मोलाची आहे. ज्ञानेश्वरांच्या पाच शतके आधी ‘अलंदिय’ हे एका साध्या गावाचे नाव म्हणून रुळलेले होते, आणि त्याच्याशी कुबेराचा काही संबंध नव्हता. एकच नाव दोन गावांना आणि एका नदीला पडते, तेव्हा त्याचे मूळ जमिनीच्या एखाद्या सामान्य गुणात असण्याचा संभव अधिक. एका देवनगरीच्या नावावरून तीन ठिकाणी तोच अपभ्रंश व्हावा, हे पटत नाही. तेव्हा आळंदी हे आधीचे, अलंकापुरी हे नंतर त्यात ऐकले गेलेले.

ऐकले गेले यालाही कारण घडले. आळंदी हे ज्ञानेश्वरांचे आजोळ. आईचे वडील सिधोपंत तिथले कुलकर्णी. पित्याचे गाव गोदावरीकाठचे आपेगाव आणि ज्ञानेश्वरी सिद्ध झाली ती नेवाशाला, शके १२१२ मध्ये. आळंदीत सिद्धेश्वराचे जुने शिवस्थान होते, म्हणून सिद्धक्षेत्र ही तिची ओळख समाधीच्याही आधीची मानतात. शैव क्षेत्राला कैलासाजवळच्या नगरीचे नाव शोभते आणि कुबेर हा शिवाचा मित्र, एवढा धागा क्षेत्रमाहात्म्य रचणाऱ्यांना पुरेसा होता. शके १२१८ (इ. स. १२९६) च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला सिद्धेश्वराच्या शेजारी ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली. नामदेवांच्या नावावरील समाधिप्रकरणाच्या अभंगांत अलंकापुरी हे नाव येते. पुढे एकनाथ आळंदीला आले, त्यांनी समाधिस्थानाकडे लोकांचे लक्ष पुन्हा वेधले आणि शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. वारकऱ्यांच्या तोंडी हे नाव जे बसले ते कायमचे. धनपतीच्या राजधानीचे नाव ज्या गावाला लागले, तिथे पूज्य आहे ती मात्र एका संन्याशाच्या मुलाची समाधी. हा विरोध परंपरेला कधी खटकलेला दिसत नाही. अजानवृक्ष आणि सुवर्णपिंपळ हीच तिच्या लेखी तिथली संपत्ती.

पेंगलायशी ताडून पाहिले तर इथे नाव येण्याची वाट निराळी आहे. तिकडे सम्राटाने रिकाम्या किनाऱ्यावर तयार नाव आणून ठेवले. इकडे गावाचे नाव आधीपासून होते आणि भक्तांच्या कानांनी त्यात दुसरे नाव ओळखले. तरी एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. पेंगलाय बंदर हे अमरांच्या बेटाकडे निघण्याचे ठिकाण आहे. पुढच्या लोककथेत आठ अमर समुद्र ओलांडायला निघतात तेही तिथूनच. आळंदी ही समाधीची जागा, म्हणजे तिथेही निघून जाणेच आहे.

देहूत हे सर्वांत उघडपणे दिसते. तुकाराम शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेला, म्हणजे १६५० च्या मार्चमध्ये, सदेह वैकुंठाला गेले असे वारकरी मानतात. ती तिथी तुकाराम बीज म्हणून पाळली जाते. देहूचे नाव वैकुंठ झाले नाही, पण नांदुरकीच्या झाडाजवळच्या जागेला वैकुंठगमन स्थान म्हणतात. १९३६ मध्ये पुण्याच्या प्रभात कंपनीने काढलेल्या ‘संत तुकाराम’ या चित्रपटात हे गमन पडद्यावर दाखवले गेले, आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्या चित्रपटाची दखल घेतली गेली. वैकुंठ हे प्रत्यक्ष नाव पुणेकरांनी मात्र वेगळ्याच जागेला दिले आहे. नवी पेठेतली वैकुंठ ही शहराची मोठी स्मशानभूमी आहे. निघण्याच्या जागेलाच पोहोचण्याच्या जागेचे नाव, हा न्याय इथे जितका सरळ लागू पडतो तितका क्वचितच कुठे.

इंद्रायणीचे नाव या सगळ्यात अधिक सर्वसमावेशक आहे. लोणावळ्याजवळ कुरवंडे येथे उगम पावून ती तुळापूरला भीमेला मिळते. वाटेत तळेगावजवळ इंदोरी हे गाव लागते. नदीकाठच्या क्षेत्रकथांत इंद्राचा यज्ञ येतो आणि इंद्राणीचे नाव नदीला जोडले जाते. स्वर्गाच्या राणीच्या या नदीत तळवडे-चिखली-मोशीच्या पट्ट्यात सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी मिसळते. आळंदीच्या घाटावर यात्रेच्या ऐन दिवसांत पांढरा फेस तरंगल्याच्या बातम्या अनेक वर्षे छापून येत आहेत.

विदर्भातली अमरावती हे ऐकीव नावाचे आणखी मोठे उदाहरण. इंद्राची राजधानी ती अमरावती, आणि नावाचा आजचा उच्चार तोच. पण गावाचे जुने रूप उदुंबरावती मानतात. उंबरांच्या झाडीवरून उदुंबरावती, तिचे प्राकृत वळणाने उंबरावती, मग उमरावती आणि शेवटी अमरावती. वऱ्हाडात उमरावती हा उच्चार जुन्या लोकांच्या तोंडी होताच. इंग्रजांनी तो तसाच उचलला, आणि वऱ्हाडच्या कापसाला लिव्हरपूलच्या बाजारात ‘उमरा’ असे नाव मिळाले. म्हणजे देवांच्या राजधानीच्या रूपाला पोहोचण्याआधीच्या टप्प्यावर हा शब्द परदेशी गेला आणि कापसाच्या गाठींवर उंबराचा अवशेष राहिला. आंध्रातल्या अमरावतीची गोष्ट वेगळी आहे, तिथे अमरेश्वराचे देवालय आहे. नाव एक असले तरी उगम एक असेलच असे नाही, हे या जोडीवरून पटते.

उलट बाजूचा उद्योगही झाला. गावाला पुराणातले नाव देण्याऐवजी पुराणातल्या नावाचे गाव शोधायचे. डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांनी रामायणातली लंका समुद्रापलीकडे न मानता मध्य भारतात, जबलपूरच्या परिसरात असावी असे प्रतिपादन केले. बेट जमिनीवर आणण्याचा हा प्रयत्न त्या काळी खूप गाजला आणि त्याला विरोधही झाला. दरम्यान १९७२ मध्ये सिलोनने प्रजासत्ताक होताना श्रीलंका हे नाव अधिकृतपणे घेतले आणि नकाशापुरता वाद मिटवला. द्वारकेचा शोध थेट समुद्रात गेला. डेक्कन कॉलेजने गुजरातेतल्या द्वारकेत १९६३ मध्ये उत्खनन केले, आणि नंतर शि. रं. राव यांच्या मार्गदर्शनाखाली किनाऱ्यालगत पाण्याखाली पाहणी झाली. पेंगलायच्या जुन्या आरमारी बंदरातही गाळ उपसताना १९८४ मध्ये एक जुने लढाऊ जहाज सापडले, २००५ मध्ये आणखी सापडली आणि त्यांत कोरियन बांधणीची होती. अमरांच्या शोधात गेलेल्या गलबतांशी त्यांचा संबंध नाही. ती त्यांच्यानंतर हजाराहून अधिक वर्षांनी बांधलेली, नेहमीच्या कामकाजाची जहाजे आहेत.

आळंदीच्या बाबतीत आज दोन्ही नावे आपापल्या जागी चालतात. नगरपरिषद, बसच्या पाट्या, सातबारा, खेड तालुक्याचे दप्तर यांत आळंदी. कीर्तनात, अभंगात, दिंडीच्या फलकावर अलंकापुरी. अलीकडे तिसरा वापर सुरू झाला आहे. भोसरी-दिघीकडून आळंदीला जाणाऱ्या पट्ट्यात अलंकापुरम या नावाची वसाहत आणि रस्ता आहे. दक्षिणी वळणाचा हा प्रत्यय घरबांधणीच्या व्यवसायात लोकप्रिय आहे, त्याचा ना संस्कृत अलकेशी संबंध ना वारकरी अलंकापुरीशी. आषाढीला ज्ञानेश्वरांची पालखी दिघीमार्गे पुण्याला जाते, तुकारामांची निगडी-आकुर्डीमार्गे. तळवडे दोहोंच्या मधल्या वाटेवर राहते. तिथून जातात त्या देहू आणि आळंदी अशी दोन्ही दर्शने जोडून घेणाऱ्या दिंड्या, आणि वर्षभर पाळी सुटलेल्या कामगारांच्या बसगाड्या.

चोराच्या आळंदीला मात्र कोणी अलंकापुरी म्हणत नाही.